कल्चर मोत्यांचा दागिना पारखून कसा घ्यावा

मोत्यांचा सर किंवा तन्मणी घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘खरे आहेत ना?’ सराफ ‘हो’ म्हणतो आणि बहुतेकदा तो खोटं बोलत नसतो. कल्चर मोती खराच असतो. शिंपल्यातच, थरावर थर चढून तयार होतो. सुरुवात तेवढी माणसाने करून दिलेली असते. पण खरा म्हणजे दुर्मीळ नव्हे, आणि पैसे आपण बऱ्याचदा दुर्मीळ समजून मोजतो. म्हणून प्रश्न बदला : ‘बसरा, कल्चर की इमिटेशन? कल्चर असेल तर गोड्या पाण्यातला की समुद्रातला?’ (बसरा म्हणजे इराणच्या आखातातला, माणसाच्या मदतीविना तयार झालेला नैसर्गिक मोती.)

फरक मोठा आहे. गोड्या पाण्यातल्या एका शिंपल्यातून डझनावारी मोती निघतात. बाजारात दिसणारा बहुतेक माल हाच, आणि तो मुख्यतः चीनमधून येतो. समुद्रातल्यांपैकी जपानी अकोया साधारण 6 ते 8 मिलिमीटरचा. ताहितीचा काळा आणि ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडचा ‘साउथ सी’ त्याहून मोठे, आणि किंमतही त्याच हिशेबाने. ‘हैदराबादी मोती’ हे मात्र उगमाचं नाव नाही. हैदराबादेत मोती निवडतात, वेज म्हणजे ओवायचं भोक पाडतात, ओवतात, पिकवतात दुसरीकडे.

आता सर हातात घ्या आणि दुकानातलं भिंग मागा. मोत्याचा पृष्ठभाग नव्हे, वेज पाहा. इमिटेशनमध्ये वेजाच्या कडेला रंगाचा पापुद्रा सुटलेला किंवा गोळा झालेला दिसतो आणि आत काच नाहीतर प्लास्टिक. अकोयामध्ये वेजाच्या तोंडाशी बारीक रेघ दिसते : बाहेर मोत्याचा थर, आत शिंपल्यापासून घडवलेला मणी. गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत असा मणी घातलेलाच नसतो, त्यामुळे रेघही नाही. ही एक तपासणी दातावर घासण्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगते. दातावर खरा मोती किंचित खरखरीत लागतो हे बरोबर, पण कल्चर आणि बसरा दोन्ही तसेच लागतात. काडी लावून पाहणं, व्हिनेगरमध्ये बुडवणं असले प्रयोग मात्र करू नका. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लात तो विरघळायला लागतो.

मग पाणी, म्हणजे मोत्याचं तेज, पाहा. किमतीत सगळ्यात जास्त वजन याचंच, आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी वेळ याला देतं. दुकानातल्या पिवळ्या झगझगीत दिव्यांखाली काहीही चमकतं. सर दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या आणि पांढऱ्या कापडावर सावकाश फिरवा. पाणीदार मोत्यात समोरच्या खिडकीची चौकट रेखीव दिसते, निस्तेज मोत्यात नुसता पांढुरका डाग. फिरवताना एखादा अकोया मधूनच मंद-तेज होत असेल, तर थर पातळ आहे आणि आतला मणी डोकावतोय. असा सर घेऊ नये, मग मोती कितीही गोल असोत.

त्यानंतर आकार, डाग आणि जुळणी. एका सरासाठी रंगाने, मापाने जुळणारे मोती ढिगातून वेचावे लागतात, त्या वेचणीचेही पैसे असतात. ‘एएए’ वगैरे दर्जाला फार भुलू नका. मोत्यासाठी जगभर मान्य अशी एकच श्रेणी नाही. प्रत्येक दुकानाचं ‘एएए’ आपापलं.

नथ, चिंचपेटी घेताना एक घोटाळा होतो. हॉलमार्क सोन्याचा असतो, मोत्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तेव्हा बिलावर सोन्याचं वजन मोती वगळून लिहून घ्या आणि मोत्यापुढे ‘कल्चर, गोड्या पाण्यातील’ असा प्रकार, माप, रंग दिलेला असल्यास तेही. मोडीला काय मिळेल हेही तिथेच विचारा. पुष्कळ ठिकाणी सोन्याचेच पैसे मिळतात, मोत्यांचे शून्य.

कुणी ‘बसरा’ म्हणून भाव सांगितला, तर भिंग आणि दात दोन्ही बाजूला ठेवा. नैसर्गिक आणि कल्चर यांतला फरक खात्रीने सांगायला क्ष-किरण तपासणी लागते. जीआयएसारख्या रत्नप्रयोगशाळेचा अहवाल मागा. घरात आजी-पणजीची नथ असेल, तर हाच नियम उलट्या बाजूने लागू करा. मिकिमोतो कोकिचीला जपानात पहिला अर्धगोल कल्चर मोती 1893 मध्ये मिळाला, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं इराणच्या आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येतच होते. तेव्हा पिवळसर, थोडे वेडेवाकडे, बारीक वेजाचे ते मोती नैसर्गिकही असू शकतात; मोडीत घालण्याआधी एकदा तपासून घ्या.