येशूचा शिष्य व्हायचं म्हणजे नक्की करायचं काय

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ख्रिस्ती हा शब्द बायबलच्या अख्ख्या नव्या करारात (येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग) फक्त 3 वेळा येतो, दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात, आणि शिष्य हा शब्द मात्र अडीचशेच्या वर वेळा. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा अंत्युखिया शहरात पडलं, म्हणजे माणसं आधी शिष्य होती आणि नाव मागून आलं. आपलं बरोब्बर उलटं झालंय, नाव जन्मापासून आहे, बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट कपाटात आहे आणि शिष्य व्हायचं तेवढं राहून गेलंय. मी स्वतः कितीतरी वर्षं असाच होतो म्हणून हे लिहायला बसलो. पाळक बिळक नाही मी, मंडळीतला साधा माणूस आहे, त्यामुळे थिऑलॉजीचा क्लास घेत नाही, जे करून बघितलं आणि जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

शिष्य या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ शिकणारा. पण वहीत नोट्स काढणारा नाही हं, गुरूच्या मागे मागे हिंडून तो कसा बोलतो, कोणाच्या घरी जेवतो, कशावर चिडतो, कधी गप्प बसतो हे बघून तसंच करायला शिकणारा. सुताराच्या हाताखाली लागलेला पोरगा रंधा पुस्तकातून शिकत नाही, आधी चार फळ्या वाकड्या करतो, मिस्त्रीच्या शिव्या खातो, तेव्हा कुठे पाचवी बरी येते. येशू स्वतः सुतारकामातला, त्यामुळे वाकड्या फळ्यांचं त्याला नवल नसणार.

आधी हिशोब

लूकच्या शुभवर्तमानात (मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं), 14व्या अध्यायात येशूच्या मागे तोबा गर्दी चाललीय आणि तो वळून असं काही बोलतो की निम्मी तरी परत जावी. बुरूज बांधायचाय तर आधी बसून खर्च काढ, नाहीतर पाया घालून पैसे संपतील आणि लोक हसतील. दहा हजार सैन्य घेऊन वीस हजारांवर चालून जाणारा राजा आधी विचार करतो की नाही? आणि त्याच तोंडाने आईबाप, बायकामुलं, स्वतःचा जीव, सगळ्याचा द्वेष करायची भाषा. हे वाचून घाबरू नका, तीच गोष्ट मत्तय 10 मध्ये सांगताना माझ्यापेक्षा जास्त प्रीती असं आहे, म्हणजे पहिला नंबर कोणाचा एवढाच मुद्दा, घरच्यांशी तुटक वागायचं लायसन्स नाहीये ते.

करायचं असं की एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, देवाने कुठल्या गोष्टीला हात लावलेला मला चालणार नाही. पैसे, नोकरीतली पोझिशन, एखादं नातं, रात्री मोबाईलवर काय बघता ते, लोकांत असलेलं नाव. कोणाला दाखवायचा नाही कागद. माझ्या कागदावर तीन गोष्टी आल्या आणि तिसरी लिहायला मला आठवडा लागला, कारण ती माझा सख्खा भाऊ होती. त्यावर येतो पुढे.

इथेच कोणीतरी म्हणणार की तारण, म्हणजे पापातून सुटका, तर कृपेने, देवाकडून फुकट आहे, हे सगळं कशाला. बरोबर आहे, कृपेनेच आहे, कागद लिहून कोणी स्वर्गात जात नाही. पण डिट्रिश बॉनहॉफर नावाचा एक जर्मन पाळक होता, तो म्हणायचा की आपण कृपा स्वस्त करून टाकलीय, क्षमा तर हवी पण मागे चालायला नको. नाझींना विरोध केला म्हणून 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी दिलं, त्यामुळे त्याने हा शब्द वापरला तर ऐकून घ्यावं लागतं.

वधस्तंभ (क्रूस) म्हणजे गुडघेदुखी नाही

आपल्यात सर्रास म्हणतात, काय करणार, माझा वधस्तंभ आहे तो, आणि विषय असतो गुडघ्याचा नाहीतर बॉसचा. रोमी काळात वधस्तंभ खांद्यावर घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी घरी परत येत नव्हता, बघणाऱ्यांना ते माहीत असायचं. स्वतःचा हट्ट मारायला नेणं असा त्याचा अर्थ. आणि लूक एक शब्द जास्तीचा घालतो जो मत्तय आणि मार्कात नाही, दररोज. एकदाच मोठं बलिदान देणं त्या मानाने सोपं हो, टाळ्या तरी मिळतात. बायकोशी वाद घालताना आपलं बरोबर असूनही शेवटचा शब्द तिला देणं, ते मंगळवारी पण आणि बुधवारी पण, ते जड जातं.

वाचायचं थोडं, करायचं एक

पहिली चूक सगळे करतात तीच मी केली, वर्षात संपूर्ण बायबल संपवायचा प्लॅन घेतला आणि लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात जाऊन अडकलो. नवीन असाल तर मार्क घ्या. 16 अध्याय आहेत, सलग वाचलं तर दोन तासात संपतं, एकदा एका बैठकीत वाचाच कारण मार्क धावतच असतो, लगेच हे झालं लगेच ते झालं. मग दुसऱ्या दिवसापासून अर्धा अध्याय, पंधरा मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. वेळ सकाळची बरी, येशू पण पहाटे अंधार असताना एकटाच बाहेर जाऊन प्रार्थना करायचा हे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे, पण तुमची नाईट ड्युटी असेल तर तुमची सकाळ केव्हा होते ते तुम्ही ठरवा, पहाटे चारच्या अलार्मवरून स्वतःला छळू नका.

आणि वाचून झालं की एकच ओळ लिहायची, आज मी काय करणार. काय शिकलो ते नको, ते आपल्याला छान जमतं, पानंच्या पानं लिहितो आपण. करणार काय, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत. "मी अधिक प्रेमळ होईन" ही ओळ फाडून टाका. "ऑफिसमध्ये ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याजवळ दुपारी जेवायला बसेन" ही ओळ चालते. याकोब आपल्या पत्रात म्हणतो ना, वचन ऐकून तसं न करणारा म्हणजे आरशात तोंड बघून निघाला आणि आपण दिसतो कसे तेच विसरला. आमच्याकडे आरसे भरपूर झालेत, रविवारी एक, बुधवारी एक, यूट्यूबवर शंभर.

भावाची गोष्ट

मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. शंभर वेळा ऐकलेलं वचन. पण जरा नकाशा डोळ्यासमोर आणा, तो हे बोलतोय गालीलात आणि वेदी आहे यरुशलेमच्या मंदिरात, मधे 100 किलोमीटरच्या वर अंतर, चालत तीन चार दिवस. म्हणजे मेंढरू तिथे सोडायचं, चार दिवस चालत घरी यायचं, भावाची माफी मागायची आणि परत चार दिवस चालत जायचं. समोरच्यांना हे ऐकताना पाय दुखायला लागले असतील. आणि बघा, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर असं नाही म्हटलेलं, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे चूक त्याची असली तरी उठायचं आपणच.

मी हे सगळं एका तरुण मुलाला मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो, आम्ही दोघं आठवड्यातून एकदा एकत्र वाचायचो, आणि तो नकाशा बिकाशा ऐकून घेऊन सहज म्हणाला, दादा, तुमचं आहे का कोणाशी असं? मी म्हटलं पुढचं वचन घेऊ. खरंच तसं म्हटलं मी. भावाशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, पैशावरून झालं होतं, आणि त्या दोन वर्षांत मी प्रार्थनासभा चालवत होतो, लोकांच्या घरात समेट करायला पण जात होतो, काय बोलायचं आता.

त्या रात्री फोन हातात घेतला आणि खाली ठेवला असं चार वेळा झालं. आधी मेसेज टाइप केला, त्यात "जर तुला वाईट वाटलं असेल तर" असं होतं, तो डिलीट केला कारण जर लावलेली माफी ही माफी नसते, हे मी तेव्हा शिकलो आणि तुम्हाला फुकटात सांगतोय. शेवटी फोन लावला. म्हटलं, मी तुझ्याबद्दल दोन नातेवाईकांना जे सांगितलं ते अर्धंच खरं होतं, माझं चुकलं, मी त्यांना पण फोन करून सांगणार आहे. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग "ठीक आहे" म्हणाला आणि फोन ठेवला. बस. गळ्यात पडणं नाही, रडारड नाही. मला जाम राग आला, एवढं मी केलं आणि हा ठीक आहे म्हणतो! मग लक्षात आलं की मी माफी मागायला नाही, शाबासकी घ्यायला फोन केला होता. त्या दोन नातेवाईकांना केलेले फोन जास्त अवघड गेले.

तर पद्धत अशी, नाव लिहा, आपला भाग किती तेवढाच स्पष्ट बोला, जर आणि पण वगळा, समोरच्याने काय उत्तर द्यावं ते ठरवून जाऊ नका. फक्त एक, जिथे मारहाण किंवा छळ झालाय तिथे हे वचन दाखवून कोणाला एकटं परत पाठवू नका, क्षमा वेगळी आणि परत त्याच हाताखाली जाणं वेगळं.

पैसा

यावर थोडक्यात. जक्कय जकातदारांचा मुख्य, यरीहोत राहणारा, येशू घरी आल्यावर उभा राहून म्हणाला की अर्धी संपत्ती गरिबांना आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता, चौपट ही मेंढरू चोरून विकणाऱ्याची शिक्षा, म्हणजे त्याने स्वतःला चोराचा दर लावला. येशूने त्याला दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्यावर, प्रवचन दिलेलं कुठे लिहिलेलं नाही. म्हणून दान किती यावर वाद घालण्याआधी, कोणाचं काही आपल्याकडे राहिलंय का ते बघा, उसने घेतलेले, बुडवलेले, कामवाल्यांचे थकवलेले. ते आधी.

सेवेच्या धावपळीत हरवू नका

चर्चमध्ये जो जास्त पळतो तो मोठा शिष्य असं आपण धरून चालतो. कॉयर, कमिटी, युवक संघ, खुर्च्या लावणं, सगळं चांगलं आहे, कोणीतरी करायलाच पाहिजे. पण बारा जणांत पैशाची थैली कोणाकडे होती? यहूदाकडे, ज्याने येशूला धरून दिलं. आणि मत्तय 7 मध्ये तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं काढली म्हणणाऱ्यांना तो म्हणतो मी तुम्हाला ओळखत नाही. मला हे वाक्य अजूनही झोपू देत नाही कधी कधी. ओळखण्याची खूण त्याने स्वतःच योहान 13 मध्ये देऊन ठेवलीय, एकमेकांवरची प्रीती, आणि ते बोलायच्या थोडं आधी त्याने सगळ्यांचे पाय धुतले होते, यहूदाचे सुद्धा.

उलट प्रेषितांची कृत्ये 9 मध्ये टबीथा आहे, दुर्कस म्हणतात तीच. शिष्या हा स्त्रीलिंगी शब्द नव्या करारात एकदाच आलाय आणि तो हिच्यासाठी. ती गेली तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत होत्या. प्रवचन नाही, पद नाही, अंगरखे.

पडलात तर

पडणार. येशूला अटक झाल्यावर पेत्र या त्याच्या शिष्याने मी त्याला ओळखत नाही असं तीनदा म्हणून त्याला नाकारलं तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता, योहान 18. मग योहान 21 मध्ये पुनरुत्थानानंतर येशू किनाऱ्यावर मासे भाजत बसलाय आणि तिथे पण कोळशांचा विस्तव. मूळ ग्रीकमधला हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. त्या वासाने पेत्राच्या पोटात काय कालवलं असेल! पण आधी जेवण दिलं, मग तीन नकारांना तीन प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरावर काम, माझी मेंढरं सांभाळ. तेव्हा पाप झालं की आठ पंधरा दिवस तोंड लपवून, जरा चांगलं वागून मग देवाकडे जायचं ही जी आपली सवय आहे ना, ती सोडा. त्याच दिवशी जा, नाव घेऊन कबूल करा, आणि एका तरी विश्वासू माणसाला सांगा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशा.

एकट्याने होत नाही

प्रेषित पौल तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहितो की माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, जे पुढे इतरांना शिकवतील. एका वाक्यात चार पिढ्या. त्यामुळे पूर्ण तयार झाल्यावर कोणालातरी शिकवेन असं म्हणत बसू नका, तसं कोणी होत नाही. एक माणूस शोधा, आठवड्याला एक तास, एक अध्याय, आणि दोनच प्रश्न, मागच्या वेळी करणार म्हणालास ते केलंस का, आणि आता काय करणार. पहिला प्रश्न विचारायला लाज वाटते, पण तो वगळला की दोन महिन्यात नुसता गप्पांचा कट्टा होतो, आमचा एक ग्रुप असाच गेला.

तो मुलगा आता दुसऱ्या एकाला घेऊन बसतो. परवा त्याचा मेसेज आला, दादा, मत्तय 5 आलंय, तुमच्या भावाची गोष्ट सांगू का त्याला? मी लिहिलं, सांग, पण "ठीक आहे" पर्यंतच सांग, पुढचं अजून चालू आहे.