मुंबईहून पन्हाळ्याला: वेढ्याच्या अंगाने गड कसा पाहावा

मुंबईहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनासाठी जाणारी पुष्कळ मंडळी परतीच्या प्रवासाआधी दोन तास काढून पन्हाळा उरकतात. त्यापेक्षा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस धरावी, सकाळी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून एस.टी.ने सुमारे २० किलोमीटरवरचा पन्हाळा गाठावा आणि एक मुक्काम गडावरच करावा. हा ओसाड किल्ला नव्हे. तटाच्या आत नांदते गाव असल्यामुळे राहण्याजेवण्याची सोय होते.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला हा गड पुढे यादव, बहमनी आणि आदिलशाही अमलाखाली राहिला आणि अफजलखानाच्या वधानंतर, नोव्हेंबर १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांनी तो घेतला. लगेचच्या वर्षी आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने घातलेला वेढा चार महिन्यांहून अधिक काळ चालला. एवढे दिवस गड कशाच्या बळावर तगला, हा प्रश्न मनात ठेवून फिरल्यास वास्तूंचा क्रम आपोआप लागतो.

सुरुवात अंबरखान्यापासून करावी. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली ही धान्याची कोठारे आहेत. त्यांपैकी गंगा कोठीत २५,००० खंडी (धान्य मोजण्याचे जुने माप) धान्य मावत असे, असे सांगतात. आत शिरल्यावर छताकडे पाहावे: जाड भिंतींवर कमानी पेललेल्या असून माथ्यावर चौकोनी झरोके ठेवलेले आहेत. बाहेरच्या जिन्याने वर चढून याच झरोक्यांतून धान्य आत ओतले जाई. येथे अर्धा तास तरी द्यावा, कारण फोटो काढून परत फिरणाऱ्यास ही केवळ एक मोठी, काळोखी खोली वाटते.

धान्यानंतर पाणी पाहावे. गडाच्या पश्चिम अंगाला तीन दरवाज्याजवळ अंधारबाव ही तीन मजली वास्तू आहे. वेढा घालणारा शत्रू पाण्यात विष कालवील या भीतीने विहिरीवरच इमारत चढवून ती झाकलेली आहे. भिंतींत पहारेकऱ्यांसाठी कोनाडे आहेत आणि गडाबाहेर निसटण्यासाठी वाटही ठेवलेली आहे. पायऱ्या अंधाऱ्या आणि पावसाळ्यात निसरड्या असल्यामुळे विजेरी सोबत असावी आणि मुलांचा हात सोडू नये.

शेजारचा तीन दरवाजा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा, कारण त्या वेळी कोरीवकाम आणि फारसी शिलालेख अधिक स्पष्ट दिसतात. दरवाज्यामागून दरवाजा अशा रचनेमुळे पहिला दरवाजा फोडून आलेला शत्रू मधल्या चौकात कोंडला जाई. चार दरवाजा मात्र आता शोधू नये. १८४४ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडच्या कड्यावरील सज्जा कोठीत जावे. मोगल सरदार दिलेरखानाकडून परत आलेल्या संभाजीराजांचा मुक्काम येथे होता, असे मानले जाते. घोडेस्वारी, बागा आणि ‘पॉइंट’ यांसाठी वेळ राखून ठेवण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. झुणका-भाकर आणि खर्ड्यासाठी मात्र अवश्य ठेवावा.

शेवटी राजदिंडी या गडाबाहेर पडण्याच्या छुप्या वाटेवर यावे. जुलै १६६० मधील पावसाळी रात्री महाराज याच बाजूने विशाळगडाकडे निघाले, असे परंपरा सांगते. शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसून शत्रूच्या हाती लागले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. तीच खिंड आज पावनखिंड म्हणून ओळखली जाते. ती वाट पायी चालण्याची हौस असल्यास या सहलीस जोडू नये. तिच्यासाठी वेगळे दोन दिवस काढावेत, भर पावसात वाटाड्या किंवा अनुभवी गटाबरोबरच निघावे आणि ओढ्यांना पूर असल्यास बेत पुढे ढकलावा.