घराला तडे गेल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमताना या चुका टाळा

नागपुरात घराच्या भिंतीला तडा गेला की आधी मिस्त्री बोलावला जातो, त्याच्यामागून ठेकेदार येतो, आणि या दोघांनी गिलावा फोडून, पुट्टी भरून, रंग देऊन झाल्यावरही तडा पुन्हा उघडला तरच स्ट्रक्चरल इंजिनिअरची आठवण होते. हा क्रमच उलटा आहे. तडा कुठून निघाला, कोणत्या दिशेने गेला, वर रुंद आहे की खाली, भिंतीच्या आरपार गेला आहे की गिलाव्यापुरताच आहे, यावरून इंजिनिअरला कारण शोधायचे असते आणि नेमका तोच पुरावा दुरुस्तीत बुजून गेलेला असतो. तपासणी होईपर्यंत भिंतीला हात लावू नये. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहावी, मोजपट्टी धरून छायाचित्र काढावे आणि दर महिन्याला त्याच जागेवरून पुन्हा काढावे. एवढी नोंद हाती असली तर इंजिनिअरची पहिलीच भेट कामी येते.

हे महिन्यामहिन्याचे निरीक्षण येथे विशेष आवश्यक आहे, कारण शहराच्या मोठ्या भागाखाली काळी माती आहे. ही माती पाणी मिळाले की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना घराच्या बाहेरच्या कडेची माती वाळून खाली बसते, घराच्या मध्याखालची माती मात्र तुलनेने ओलसर राहते. पावसाळ्यात कडेची माती पुन्हा फुगून वर येते. त्यामुळे उन्हाळ्यात बोट जाईल एवढा दिसणारा तडा ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटलेला असू शकतो, आणि केवळ पावसाळ्यातल्या एका भेटीवरून ‘काही नाही, रंग मारून घ्या’ असा निर्वाळा देणारा इंजिनिअर बदललेला बरा. मेमध्ये कडक सिमेंटने भरलेला तडा पावसाळ्यात मिटू शकत नाही, म्हणून भिंत शेजारून नव्याने फुटते आणि दोष मिस्त्रीच्या कामाला दिला जातो.

इंजिनिअरला फक्त तडा दाखवणे ही दुसरी चूक. पाया हलण्याचे कारण पुष्कळदा घराबाहेर असते: भिंतीलगत मुरणारे गच्चीचे पाणी, गळणारी ड्रेनेजची चेंबर, पायाजवळ खोदलेला शोषखड्डा, कुंपणातले वाढलेले झाड, किंवा उन्हाळाभर खिडकीखाली एकाच जागी ठिबकणारा डेझर्ट कूलर. वास्तूच्या सल्ल्यावरून ईशान्य कोपऱ्यात पायाला खेटून खोदलेली पाण्याची टाकीही याच यादीत धरावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही गोष्टी लपवल्या जातात. मंजूर नकाशात नसलेली मागची खोली, नंतर काढलेली भिंत, आतून भरून उंच केलेली फरशी यांविषयी घरमालक गप्प राहतात, कारण त्यांना महापालिकेची भीती वाटते. वजन कुठे वाढले आणि आधार कुठे निघाला हे कळल्याशिवाय निदान होत नाही, तेव्हा आपण नेमलेल्या इंजिनिअरपासून या गोष्टी लपवण्यात नुकसान आपलेच आहे.

अर्थात प्रत्येक तडा पायाचा नसतो. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली भिंतीभर आडवा गेलेला तडा बहुधा गच्ची तापून स्लॅब प्रसरण पावल्याने येतो. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली सरळ रेघही सहसा किरकोळ असते. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखा उतरत गेलेला तडा, त्याच खोलीतला अडकू लागलेला दरवाजा आणि एका बाजूला कललेली फरशी हे तिन्ही एकत्र दिसले, तर पाया खचल्याची शंका घ्यावी. कॉलमचे काँक्रीट फुटून गंजलेल्या सळ्या दिसू लागल्या असतील, तर मात्र महिनोन्महिने नोंदी ठेवत बसू नये. त्याच आठवड्यात इंजिनिअर बोलवावा.

इंजिनिअर कोण हे पाहताना फार गल्लत होते. नकाशा मंजूर करून देणारा आर्किटेक्ट किंवा ठेकेदाराने सोबत आणलेला ‘आपलाच इंजिनिअर’ म्हणजे स्वतंत्र सल्लागार नव्हे. महापालिकेकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून परवाना आहे का, नव्या इमारतींच्या डिझाइनखेरीज जुन्या घरांच्या दुरुस्तीचा अनुभव आहे का, आणि तो काळ्या मातीतल्या घरांवर मिळाला आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. जो दुरुस्तीचे कामही घेणार आहे किंवा दुरुस्तीच्या खर्चावर टक्केवारीने पैसे घेतो, त्याला मोठी दुरुस्ती सुचवण्याचा मोह राहतोच. तपासणी आणि अहवालाचे शुल्क वेगळे ठरवावे व ते आनंदाने द्यावे. रसायने विकणाऱ्यांची ‘फुकट तपासणी’ शेवटी त्याच रसायनाच्या डब्यावर येऊन थांबते.

तपासण्यांत काटकसर करताना लोक हमखास चुकीच्या जागी हात आखडता घेतात. शेजाऱ्याचा माती-अहवाल वापरणे ही त्यातली सर्वांत महाग बचत. सीताबर्डीच्या टेकड्यांवर वरच खडक लागतो, तर नदीनाल्यांच्या काठच्या सखल वस्त्यांत काळ्या मातीचा जाड थर किंवा नुसता भराव मिळतो, आणि ही जाडी दोन प्लॉटच्या अंतरातही बदलते. आपल्याच प्लॉटमध्ये खड्डा घेऊन मातीची फुगण्याची चाचणी, म्हणजे फ्री स्वेल इंडेक्स, करून घ्यावी. ही माती खोल असेल तेथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले व खालच्या बाजूला फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, किमान साडेतीन मीटर खोल न्यावेत असे भारतीय मानक सांगते. दोन-अडीच फुटांवर थांबवलेल्या फुटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या पसरट पायाची, अवस्था त्यावरून कळावी. काँक्रीटबाबत केवळ रिबाउंड हॅमरच्या आकड्यावर विसंबू नये. हा हातोडा पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो आणि कार्बोनेशन झालेल्या, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बदललेल्या, जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग उलट अधिक कठीण लागतो, म्हणून आकडा चांगला दिसतो. कार्बोनेशन किती खोल गेले हे रंगावरून दाखवणारी फिनॉल्फ्थेलिनची चाचणी आणि गरजेप्रमाणे कोअर, म्हणजे काँक्रीटचा आतपर्यंतचा नमुना, काढून घेण्याविषयी इंजिनिअरला स्वतःहून विचारावे.

‘सळ्या काढून ठेवल्या आहेत, वर मजला चढतो’ हा समज तर घरोघरी आहे. गच्चीवर वर्षानुवर्षे पावसात गंजलेल्या त्या सळ्यांवरून खालचे फुटिंग किती वजनासाठी बांधले होते हे कळत नाही. जुने आरसीसीचे (सळ्या घातलेल्या काँक्रीटचे) ड्रॉइंग नसेल तर एक-दोन फुटिंग उघडून मापे घ्यावीच लागतात, आणि घर मुळात आरसीसीचे नसून भिंतींवर तोललेले असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो.

शेजारच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम येणार असेल, तर खोदकाम सुरू होण्याआधीच इंजिनिअर बोलवावा. त्याच्याकडून घराच्या सद्यःस्थितीचा छायाचित्रांसह सही केलेला अहवाल घेऊन त्याची प्रत बिल्डरला पोच घेऊन द्यावी. नंतर तडे गेल्यावर ‘हे आधीचेच होते’ या बिल्डरच्या उत्तराला दुसरी तोड नाही.

अहवाल हाती आला की तो नीट वाचावा. त्यात तड्यांची जागा दाखवणारा आराखडा, संभाव्य कारण, कोणते काम तातडीचे व कोणते थांबू शकते याची विभागणी, दुरुस्तीचे ड्रॉइंग आणि सही-शिक्क्यासह परवाना क्रमांक असावा. ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढ्या एका ओळीच्या प्रमाणपत्राचा उपयोग फाइलमध्ये लावण्यापुरता. इमारतीला ३० वर्षे झाली की कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावे लागते. तेव्हाही असाच सविस्तर अहवाल मागावा. दुरुस्ती चालू असताना इंजिनिअर किती वेळा येऊन पाहणार हे कामाच्या पत्रातच लिहून घ्यावे, आणि पायाचे काम असेल तर शुल्काचा शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटून पुन्हा पाहणी झाल्यावर देण्याचे आधीच ठरवावे.