मर्सिडीझ आर१२९ एसएल: जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना या चुका टाळा

मार्च १९८९मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आर१२९ एसएल ही मर्सिडीझची उघडत्या छताची दोन दारी गाडी पहिल्यांदा दिसली आणि २००१पर्यंत ब्रेमेनच्या कारखान्यातून तिचे २,०४,९४० नग बाहेर पडले. एवढ्या संख्येमुळे आज अमेरिकेत आणि युरोपात ती हौशी माणसाच्या खिशाला झेपते. घोळ इथूनच सुरू होतो. गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे सुटे भाग आणि मजुरी अजूनही मूळच्या महागड्या गाडीच्याच आहेत.

घेणारा आधी किलोमीटर विचारतो. या गाडीत किलोमीटरपेक्षा वय पाहावं. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा हे सगळं दणकट आहे. म्हातारं होतं ते रबर, प्लास्टिक आणि तारांवरचं आवरण. तीस वर्षं झाकून ठेवलेली, चाळीस हजार किलोमीटरची चकचकीत गाडी बऱ्याचदा रोज वापरलेल्या दोन लाख किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त खर्च काढते. वरून कीर्तन, आतून तमाशा.

तारा सोडून बाकी सगळं बदलणं

साधारण १९९२-९३ ते १९९५-९६ या काळातल्या गाड्यांमध्ये इंजिनच्या वायरिंग हार्नेसला, म्हणजे तारांच्या जुडग्याला, असं आवरण वापरलं होतं, की ते इंजिनच्या उष्णतेने कडक होतं, तडकतं आणि शेवटी पापडासारखं चुरा होऊन गळतं. आतल्या उघड्या तारा एकमेकींना चिकटतात. सहा सिलिंडरचं एम१०४, व्ही८ एम११९, व्ही१२ एम१२०, कोणीही यातून सुटलेलं नाही. हे सगळीकडे लिहिलेलं आहे, तरी दर महिन्याला कोणी ना कोणी 'आयडलिंग नीट होत नाही, काय करू' म्हणून विचारतोच.

१९९४च्या एका व्ही८ एसएल ५००चं उदाहरण घ्या. तक्रार एवढीच की सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरायचं आणि अधूनमधून एएसआरचा, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागायचा. मालकाने आधी प्लग बदलले. मग दोन्ही डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर. मग एअर मास सेन्सर, तोही कुठला तरी स्वस्तातला, त्यामुळे गाडी आणखी बिघडली आणि मूळचा परत बसवावा लागला. त्यानंतर थ्रॉटल ॲक्च्युएटर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा विजेवरचा भाग, जुन्या बाजारातून आणला. त्याच्या तारा पहिल्यासारख्याच कुजलेल्या होत्या. शेवटी कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा संगणक, बदललं. दोन आठवडे गाडी मखमल चालली आणि मग नवं युनिटही गेलं, कारण हार्नेसमधला शॉर्ट होता तिथेच होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. एवढ्या पैशांत नवा हार्नेस येऊन वर टपाचं, म्हणजे उघडत्या छताचं, कामही झालं असतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन गार, किल्ली काढलेली. थ्रॉटल ॲक्च्युएटरला किंवा कूलंट सेन्सरला जाणाऱ्या वायरवरची काळी नळी कनेक्टरपासून थोडी मागे सरकवा आणि आतली एखादी तार बोटाने हलकेच वाकवा. आवरण मऊ असेल तर ठीक. तडा दिसला किंवा तुकडा हातात आला, तर पुढचं निदान थांबवा. हार्नेसवर उत्पादनाच्या तारखेचं लेबल असतं, तेही पाहा. आधीच्या मालकाने बदललेला असेल तर नंतरचं वर्ष सापडेल. 'बदललाय' असं विकणारा म्हणाला, एवढ्यावर विसंबू नका.

इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. बॉनेटखालच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि तडकलेल्या तारा आणखी घट्ट बांधल्या जातात. पुढच्या माणसाला तो चिकट गोळा सोडवताना शिव्या द्याव्या लागतात त्या वेगळ्याच. नवा हार्नेस घ्या, किंवा मूळ कनेक्टर ठेवून उष्णता सोसणाऱ्या वायरने पूर्ण नव्याने बांधून घ्या. थ्रॉटल ॲक्च्युएटरची स्वतःची केबल त्याच आवरणाची असते, त्यामुळे ते कामही त्याच वेळी उरकायचं. एक केलं आणि दुसरं राहिलं, तर लिंप मोड, म्हणजे बिघाड जाणवून गाडीने स्वतःच ताकद कमी करणं, परत येणारच.

काढताना प्रत्येक कनेक्टरवर चिठ्ठी लावा, फोटो काढा. कनेक्टरचं प्लास्टिकही ठिसूळ झालेलं असतं, म्हणून हेअर ड्रायरने थोडं गरम करून मग क्लिप दाबायची. स्क्रूड्रायव्हरने उचकटली की कान मोडलाच. पूर्ण शनिवार-रविवार हाताशी नसेल तर हात घालू नका.

गळक्या टपात तेल ओतत राहणं

कापडी टप एका बटणावर अर्ध्या मिनिटात उघडतो, त्यामागे डिकीतला एक हायड्रॉलिक पंप आणि डझनाहून जास्त छोटे सिलिंडर काम करत असतात. पुढच्या काचेच्या चौकटीवरची कुलपं, टप ठेवायच्या खणाचं झाकण, त्या झाकणाची कुलपं, मागची कमान, गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार, सगळीकडे. त्यांच्या आतली सीलं वयानेच चिकट लगदा होतात. पहिली खूण बहुधा सन व्हायजरवर दिसते: समोरच्या कुलपांच्या सिलिंडरमधून तेल ठिबकतं आणि थेट मांडीवर किंवा लेदरवर पडतं.

मग लोक काय करतात? टाकीत तेल भरतात आणि विसरतात. काही जण तेही चुकीचं भरतात. इथे मर्सिडीझचं झेडएच-एम हायड्रॉलिक तेल किंवा त्याच प्रतीचं लागतं. ब्रेक ऑइल घातलंत तर उरलेली सीलंही फुगून जातील आणि जिथे गळेल तिथला रंग उतरेल. गळती थांबवणारी रसायनं तर बाटलीतच राहू द्या. ती सील मऊ करून फुगवतात. महिनाभर कोरडं वाटतं, आणि मग आधी न गळणारे सिलिंडरही सामील होतात.

दुसरी चूक म्हणजे गळतो तेवढाच सिलिंडर करणं. सगळी सीलं एकाच वयाची आहेत. एक नवं झालं की पूर्ण दाब शेजारच्या जुन्यावर येतो. आमचा शिरस्ता असा की उघडायचंच तर सगळे सिलिंडर एकदम काढायचे, नव्या प्रकारच्या सीलने बांधून घ्यायचे आणि एकदमच बसवायचे. पैसे कमी असतील तर निदान समोरची कुलपं, झाकणाची कुलपं आणि झाकण उचलणारे सिलिंडर एका फेरीत घ्या.

काम करताना दोन गोष्टी. एक, दाब गेला की झाकण कधीही खाली येऊ शकतं, म्हणून खाली हात घालण्याआधी लाकडी दांडा टेकवायचाच. दोन, प्रत्येक सिलिंडरला दोन नळ्या असतात. त्या अदलाबदल झाल्या तर हालचाल उलटी होते, म्हणजे कुलूप जिथे उघडायचं तिथे घट्ट बसतं. नळीवर आणि सिलिंडरवर एकच नंबर लिहा. जोडांवरच्या ओ-रिंग जुन्या वापरू नका. शेवटी हवा काढायला वेगळं काही करावं लागत नाही. टप सात-आठ वेळा उघडबंद करायचा आणि दर वेळी टाकीतली पातळी पाहायची. लिटर-दीड लिटर तेल जवळ असू द्या.

हे सगळं पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर, चार्जर लावून. टप मध्येच थांबण्याची निम्मी प्रकरणं कमी व्होल्टेजची निघतात. उरलेल्यांत तेलाची पातळी आणि एखादा मायक्रोस्विच. थांबलेला टप हाताने ढकलणारा माणूस मात्र वीस मिनिटांचं काम वाकलेल्या कमानीवर नेऊन ठेवतो.

हार्डटॉपखालचा टप न पाहता गाडी घेणं

हार्डटॉप म्हणजे वरून बसवायचं पक्कं छत. विकणारा सांगतो, 'कायम हार्डटॉपच लावलेला असतो, खालचा टप नवाकोरा आहे.' पण वर्षानुवर्षं घडी होऊन पडलेलं कापड आकसतं, मागच्या प्लास्टिकच्या काचा घडीवर पिवळ्या पडून तडकतात आणि सिलिंडर न वापरल्यामुळे गळायला लागतात. हार्डटॉप ॲल्युमिनियमचा असला तरी एकट्याने उचलायची वस्तू नाही. दोघं जण आणि खाली जाड गोधडी अशी तयारी ठेवून तो काढायला लावा, टप पूर्ण उघडून बंद करून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर टप चालत नाही असं धरूनच किंमत बोला.

प्लास्टिकच्या काचा थंडीत घडी करू नका. पारा दहा अंशांच्या खाली असेल तर टप राहू द्या. अमोनियाचा ग्लास क्लीनर त्यांना लावायचा नाही, साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे. सीलच्या रबरांना पेट्रोलियम जेली फासू नका.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

महागडे प्लॅटिनम प्लग. एम१०४ आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या एम११९ला रेझिस्टर नसलेला साधा कॉपर प्लग लागतो, बॉशचा एफ८डीसी४, गॅप ०.८ मिलिमीटर. रेझिस्टर प्लगच्या टोपणात आधीच आहे. जास्त पैसे देऊन मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकून झटके खाणारं इंजिन, विकत घेऊ नका.

एम११९ची व्हॉल्व्ह कव्हर उघडलीत आणि चेनच्या वरच्या प्लास्टिक पट्ट्या तशाच ठेवल्यात तर तो निव्वळ आळस. त्या ठिसूळ होतात, तुकडा चेन आणि स्प्रॉकेटमध्ये गेला तर इंजिनच बसलं. त्या पट्ट्या धरणाऱ्या पिना स्लाइड हॅमरने, म्हणजे झटका देऊन ओढणाऱ्या हत्याराने, निघतात. त्याच वेळी कॅमशाफ्टला तेल देणाऱ्या नळ्यांचे प्लास्टिकचे जोडही बदला. वरून येणारी टिकटिक बऱ्याचदा त्यांचीच असते, आणि लोक व्हॉल्व्ह हलवणारे लिफ्टर बदलत बसतात.

१९९६पासूनच्या ७२२.६ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर चालतं' यावर विश्वास ठेवू नका. गिअरबॉक्सच्या वायरिंगच्या १३ पिनांच्या प्लगच्या ओ-रिंग गळल्या तर तेल वायरिंगमधून वर चढत कंट्रोल युनिटपर्यंत जातं. प्लग अगदी स्वस्त आहे, युनिट नाही.

टपाच्या खणातली पाणी जायची भोकं आणि काचेखालची जाळी पानांनी तुंबते. गालिचा ओला झाला की लोक सील बदलतात. आधी भोकं साफ करा.

रोल बार ०.३ सेकंदात वर येतो. त्याच्या वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरी सोडवा आणि डोकं त्याच्या वाटेत आणू नका.

आधी बाशिंग, मग लग्न

नवख्याची यादी ठरलेली असते: अठरा इंची चाकं, गाडी खाली आणणं, आवाजी सायलेन्सर, नवा स्टिरिओ. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तारा, टप आणि ब्रेक उरकल्याशिवाय यातलं काहीच करू नये असं आमचं ठाम मत आहे. तरी करणारच असाल तर निदान नीट करा.

मर्सिडीझच्या चाकाच्या बोल्टची बैठक गोल असते. बाजारातल्या बऱ्याच चाकांना तिरप्या बैठकीचे बोल्ट लागतात. एकाचे दुसऱ्याला लावले की घट्ट वाटतात, पण टेकतात जेमतेम एका कडेवर. काही दिवसांत सैल होतात. चाक १२×१.५च्या बोल्टवर, ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर) आणि मधलं भोक ६६.६ मिलिमीटर. भोक मोठं असेल तर सेंटरिंग रिंग हवीच, नाहीतर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि बिचाऱ्या सस्पेन्शनवर आळ येतो. चाक बाहेर आणणारी चकती, म्हणजे स्पेसर, लावलात तर बोल्टही तेवढ्याच लांबीने वाढवा. टॉर्क (आवळण्याचा जोर) ११० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने, आणि पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा एकदा.

गाडी खाली आणायची तर आधी स्प्रिंगवरचे रबरी पॅड पाहा. त्यांवर एक ते चार उंचवटे असतात आणि उंचवट्यांप्रमाणे जाडी बदलते. कमी उंचवट्यांचा पॅड लावला की स्प्रिंग न कापता गाडी थोडी बसते. कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीत नीट बसत नाही. एडीएस, म्हणजे स्वतः कडक-मऊ होणाऱ्या, सस्पेन्शनची गाडी असेल आणि ती बैलगाडीसारखी आदळत असेल, तर शॉकॲबसॉर्बर शोधण्याआधी नायट्रोजनचे गोळे तपासा. त्यांतला वायू संपला की चाल दगडी होते.

स्टिरिओसाठी मूळ बेकर रेडिओच्या मागची वायर कापणाऱ्याला आम्ही समजावणं सोडून दिलं आहे. अडॅप्टर मिळतात. कापलेली टोकं पुढे पाच वर्षांनी शॉर्ट होतात. त्यापेक्षा मूळ रेडिओ जागेवर ठेवून ब्लूटूथचा छोटा डबा जोडा.

हिवाळ्यात गाडी उभी करणार असाल तर टप बंद करून, ताणलेला ठेवा, घडी करून नाही. बॅटरीला मेंटेनर लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा. महिन्यातून एकदा, गॅरेज उबदार असेल तेव्हा, टप एकदा पूर्ण उघडून बंद करा म्हणजे सीलं ओली राहतात. इंजिन मात्र दोन मिनिटं चालू करून बंद करू नका. ते पूर्ण गरम होत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. चालू केलंच तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, आणि रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर तेही नको.