मोनेसारखा बर्फ रंगवायचाय? आधी सावल्या रंगवा

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'द मॅगपाय' हे चित्र १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं, नॉर्मंडीत एत्रेताजवळ काढलेलं, आता पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. नेटवर मोठा फोटो मिळतो, तो समोर ठेवूनच बसा. मधून आडवं बर्फाने लदलेलं कुंपण, डावीकडे फाटकावर पक्षी, आणि ऊन पलीकडून येतंय म्हणून कुंपणाच्या सावल्या आपल्या बाजूला पडल्यात. या निळसर सावल्या झाकून बघा, बर्फातलं ऊनच जातं!

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. यलो ऑकर (मातकट पिवळा) एकदम पातळ करून सगळीकडे फिरवा, कापडाने पुसून घ्या, सुकू द्या. मग कुंपण, झाडं, घर नुसत्या रेघांनी.

आता सावल्या. अल्ट्रामरीन (गडद निळा), भरपूर व्हाइट आणि अगदी किंचित अलिझारिन क्रिमसन (गडद लाल). ट्यूबमधला काळा घालू नका, बर्फ मळकट दिसतो. सगळ्यांचं इथेच फसतं, सावली नको तेवढी गडद होते, कारण बर्फावरची सावली निळी असली तरी खूप उजळ असते. मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून ओरिजिनलशी ताडून बघा, लगेच कळतं.

उन्हातल्या बर्फाला व्हाइटमध्ये चिमूटभर ऑकर, कुठे जरासा गुलाबी. निखळ पांढरा राखून ठेवा, तो शेवटी कुंपणाच्या माथ्यावर चारदोन ठिकाणीच लागतो.

ब्रश फ्लॅट घ्या, जरा राठ केसांचा. जमिनीवर आडवे, तुटक स्ट्रोक, मधून खालचा ऑकर डोकावला तर डोकावू दे. कुंपणावर रंग श्रीखंडाएवढा घट्ट, एकदा ओढला की हात उचलायचा, परत त्यावरून फिरायचं नाही. ओल्या निळ्यावर पांढरा घोटत बसलात की दोन्ही रंग मरतात आणि सगळं एकसारखं गुळगुळीत होतं. तेलरंगवाल्यांपेक्षा ॲक्रिलिकवाल्यांना हा त्रास कमी, पण रंग पटकन सुकतो म्हणून थोडा थोडाच काढा.

झाडांना अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) करडा, लांबच्यात व्हाइट जास्त.

पक्षी सगळ्यात शेवटी. तेच दोन रंग व्हाइटशिवाय, म्हणजे जवळजवळ काळा होतो, पाच-सहा स्ट्रोकमध्ये आटपा. पिसं काढायला छोटा ब्रश शोधायला लागलात तर समजा थांबायची वेळ झाली.