शिक्षक व्हायचंय? मग कोर्सच्या आधी वर्ग ठरवा

बारावीचा किंवा डिग्रीचा निकाल लागला की फोन सुरू होतात, सर शिक्षक व्हायचंय, डीएड करू का बीएड करू. मी सगळ्यांना आधी एकच विचारतो, कितवीच्या पोरांना शिकवायचंय? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. आणि महाराष्ट्रात सगळं गणित इथूनच सुरू होतं, कारण वर्ग बदलला की पात्रता बदलते.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे आपण अजूनही ज्याला डीएडच म्हणतो ते. खुल्या गटाला बारावीला ४९.५ टक्के लागतात, राखीव गटाला ४४.५, आणि प्रवेश बारावीच्या मार्कांच्या मेरिटवर मिळतो. सहावी ते आठवीला ग्रॅज्युएशन आणि त्यासोबत डीएलएड किंवा बीएड. नववी-दहावीला ग्रॅज्युएशन अधिक बीएड, अकरावी-बारावीला त्या विषयातलं पोस्ट ग्रॅज्युएशन अधिक बीएड. बीएडला आता दोन वर्षं लागतात आणि प्रवेश सीईटीतून होतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण यात माझ्या ओळखीतल्या एका मुलीची दोन वर्षं गेली. तिला लहान मुलांची मनापासून आवड, पण "बीएड मोठी डिग्री आहे, त्यात सगळं येतं" असं कोणीतरी सांगितलं म्हणून तिने बीएड केलं. मध्ये काही वर्षं बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीला चालवत होते हे खरं, पण ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की प्राथमिकला बीएड ही पात्रता नाही, डीएलएडच पाहिजे. ती आता डीएलएड करतेय, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून म्हणतो, आधी वर्ग ठरवा.

कोर्स करताना लोक सगळ्यात जास्त हलक्यात घेतात ते सराव पाठ आणि शाळेतली इंटर्नशिप. बीएडला दोन वर्षांत मिळून साधारण २० आठवडे शाळेत जायचं असतं. काही जण टाचण वही, म्हणजे पाठाची आखणी लिहायची वही, दुसऱ्याची बघून उतरवतात, सह्या घेतात, मोकळे होतात. असं करू नका राव, खरंच करू नका. याच दिवसांत तुम्हाला कळणार असतं की आपल्याला हे जमतंय का, आवडतंय का.

एक उदाहरण देतो. मुलाच्या वहीत ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहिलंय. आपण लाल फुली मारून पुढे जातो. पण जरा थांबून बघा, त्याने सातातून दोन काढले म्हणून पाच, चारातून एक काढला म्हणून तीन. म्हणजे त्याला वजाबाकी येतेच, फक्त मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याच्या डोक्यात बसलंय आणि दशक सुटं करायचं कळलेलं नाही. अशा मुलाला आणखी दहा गणितं दिली तर तो दहाही तशीच चुकवणार. त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि म्हणा यातल्या सतरा मला दे. तो स्वतःच रबर काढतो, गठ्ठा सोडतो, आणि मग वहीकडे बघतो. हे एकदा डोळ्याने बघितलं की बालमानसशास्त्राचं पुस्तक वेगळं दिसायला लागतं. टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे ३० प्रश्न असतात, त्यातले बरेच अशाच प्रसंगांवर असतात, आणि गाईड पाठ करणारे तिथेच अडकतात.

आता टीईटी. पहिली ते आठवीसाठी ही पाहिजेच. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा, पात्रता असेल तर दोन्ही द्या. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० मार्क लागतात, राखीवला ५५ टक्के. पूर्वी सर्टिफिकेट सात वर्षं चालायचं, २०२१ पासून ते आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी पण देऊन ठेवा, केंद्रीय शाळांसाठी तीच लागते. आणि टीईटीचं नंतर बघू म्हणू नका, १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे अशा कामावरच्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत पास व्हायला सांगितलंय.

टीईटी पास झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही, ती फक्त पात्रता आहे. मेरिट लागतं ते टीएआयटीवर, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, २०० मार्क, दोन तास. यात पास-नापास नसतं, जेवढे मार्क जास्त तेवढं पुढे. १२० मार्क अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. दोन तासात दोनशे प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, त्यामुळे इथे ज्ञानापेक्षा वेग लागतो आणि तो रोज घड्याळ लावूनच येतो. ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. म्हणून जाहिरात आल्यावर अभ्यासाला लागू असं म्हणणारे मागे राहतात.

त्यानंतर पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट. जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित खाजगी संस्था सगळ्यांची भरती यावरूनच होते. यात स्वप्रमाणपत्र भरायचं असतं, म्हणजे आपली माहिती आपणच भरून ती खरी आहे असं सांगायचं, आणि ते भरताना कागद समोर ठेवून भरा, आठवणीने नाही. नावाचं स्पेलिंग, जात प्रवर्ग, समांतर आरक्षण, माध्यम, डिग्रीचा विषय, एकेक रकाना मार्कशीटशी ताडून बघा आणि मगच सर्टिफाय करा. कागद तपासणीत तफावत निघाली तर मेरिटमध्ये असूनही बाहेर जायची वेळ येते, असे रडवेले चेहरे मी पाहिलेत. प्राधान्यक्रम देताना सुद्धा जिथे खरंच जाऊन राहू शकाल तेच वर ठेवा. खाजगी संस्थांच्या मुलाखतीच्या पदांना कोणी पैशाची गोष्ट काढली तर उठून या. मला पण एका संस्थेत विचारलं होतं, मी नाही म्हणालो, पुढे दोन वर्षं लागली पण कर्ज डोक्यावर नव्हतं.

पगाराचं आधीच घरी सांगून ठेवा. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं, २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. त्यानंतर वेतनश्रेणी लागते, प्राथमिकला मूळ वेतन २९,२०० पासून. अनुदानित संस्थेत असाल तर नेमणुकीला शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा आयडी कधी मिळणार हे रुजू होतानाच विचारा, त्याशिवाय पगार निघत नाही.

विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा थेट भरती करतात, तिथे डेमो लेक्चर महत्त्वाचं. पंधरा मिनिटात अख्खा धडा संपवायला जाऊ नका, एकच मुद्दा घ्या, फळ्यावर मोठं आणि स्वच्छ लिहा, मुलांना विचारा आणि ते उत्तर देईपर्यंत गप्प थांबा. हे थांबणं नव्या माणसाला फार जड जातं, घरी सराव करा.

आणि ऑर्डर मिळून शाळेत गेलात की पहिल्याच दिवशी पुस्तकाचं पान एक उघडू नका. पहिला आठवडा एकेका मुलाला जवळ बसवा, एक परिच्छेद वाचायला लावा, एक हातच्याची वजाबाकी घाला, आणि कोण कुठे अडतंय ते एका वहीत नावासमोर लिहून ठेवा. हजेरीच्या वहीपेक्षा ती वही तुम्हाला वर्षभर जास्त लागेल.