घरून काम करताना मेल येतात, पण जात नाहीत: माझा अनुभव

थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये मेल व्यवस्थित येत होते. पाठवताना मात्र निळी पट्टी अर्ध्यावर थांबायची आणि मिनिटभराने 'कनेक्शन टाइम्ड आउट' यायचं. ऑफिसात हाच लॅपटॉप, हेच खातं बिनतक्रार चालायचं.

पासवर्ड पुन्हा टाकला, अँटीव्हायरस बंद केला, राउटर रीस्टार्ट केला, शेवटी खातंच काढून नव्याने जोडलं. दोन दिवस यात गेले आणि अगदी वैताग आला.

खूण सापडली ती अशी: व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) लावला की मेल लगेच जायचा. म्हणजे पासवर्ड बरोबर होता, अडचण वाटेत होती. आउटगोइंग, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) पाहिला, तर २५. हा पोर्ट मुळात सर्व्हर-ते-सर्व्हर मेलसाठी आहे. स्पॅम रोखायला अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर तो बंदच ठेवतात.

मग अकाउंट सेटिंग्ज उघडून डावीकडच्या यादीत सर्वांत खाली 'आउटगोइंग सर्व्हर' निवडला आणि 'एडिट' दाबलं. पोर्ट ५८७ केला, कनेक्शन सिक्युरिटी 'स्टार्टटीएलएस', ऑथेंटिकेशन 'नॉर्मल पासवर्ड'. युजरनेममध्ये @ सकट पूर्ण पत्ता लिहिला. माझ्याकडे तिथे नुसतं नाव होतं. ओके करून थंडरबर्ड पूर्ण बंद केलं, पुन्हा उघडलं, व्हीपीएन काढला आणि स्वतःलाच मेल पाठवला. दोन सेकंदांत गेला.

५८७ चालत नसेल तर ४६५ वापरून बघा, पण तेव्हा सिक्युरिटी 'एसएसएल/टीएलएस' हवी. इनकमिंगच्या, म्हणजे येणाऱ्या मेलच्या ९९३ पोर्टला हात लावू नका.